सर्वांत थोर आवाज कसा निवडावा?

यादीतला ८४वा क्रमांक

१ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं आजवरच्या २०० थोर गायक-गायिकांची यादी प्रसिद्ध केली. पहिली अरेथा फ्रँकलिन, दुसरी व्हिटनी ह्यूस्टन, तिसरा सॅम कुक. इजिप्तच्या उम्म कुल्सुम ६१व्या, लता मंगेशकर ८४व्या आणि नुसरत फतेह अली खान ९१वे. आपल्याकडे अनेकांना हा क्रमांक बोचला. सेलीन डिऑनचं तर नावच नव्हतं, म्हणून तिचे चाहते मासिकाच्या न्यूयॉर्कमधल्या कचेरीपुढे निदर्शनं करायला गेले.

या गदारोळात मासिकानं प्रस्तावनेत केलेला खुलासा बहुतेकांनी वाचलाच नाही. ही थोर गायकांची यादी आहे, थोर आवाजांची नव्हे, असं त्यांनी म्हटलं होतं. शिवाय यादी होती लोकप्रिय संगीताची. तिथे अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर किंवा मारिया कॅलास यांचा विचार व्हायचं कारणच नव्हतं.

कॅलासचं नाव वेगळ्या यादीत आलं. २००७ साली ‘बीबीसी म्युझिक’ मासिकानं समीक्षकांना ध्वनिमुद्रणाच्या काळातल्या सर्वश्रेष्ठ सोप्रानो गायिका निवडायला सांगितल्या आणि पहिला मान कॅलासला मिळाला. ऑपेरा ऐकणारा कुणीही सांगेल की तिचा आवाज सगळीकडे एकसारखा नव्हता. वरच्या पट्टीत तो हलायचा, कधी टोकदार व्हायचा. जोन सदरलँडचा आवाज तिच्याहून निकोप होता. तरी कौल कॅलासला गेला, कारण परीक्षकांनी आवाज न मोजता आवाजानं उभं केलेलं पात्र मोजलं.

म्हणून भांडण निवडीच्या आधीच मिटवायला हवं. आपण निवडतोय काय? आवाज, गायकी, की गाण्यांची आपल्या आयुष्यातली जागा? या लेखात मी फक्त आवाजाबद्दल बोलणार आहे. माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर देता येतं, आणि ते मी देणार आहे. ‘प्रत्येकाची आवड वेगळी’ म्हणून विषय सोडून दिला तर ज्यांनी उभं आयुष्य एका षड्जावर घालवलं त्यांच्यावर अन्याय होतो.

गळ्यात काय घडतं

माणसाच्या स्वरयंत्रात दोन घड्या असतात. त्यांना आपण स्वरतंतू म्हणतो, पण त्या तारा नसून स्नायू आणि श्लेष्मल त्वचेच्या पट्ट्या आहेत. पुरुषांत त्यांची लांबी साधारण पावणेदोन ते अडीच सेंटिमीटर, बायकांत सव्वा ते पावणेदोन. छातीतून आलेली हवा त्यांच्या मधून जाताना त्या उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. काळी चारला गाणाऱ्या बाईनं मध्य सप्तकातला षड्ज लावला की ही उघडझाप सेकंदाला सुमारे २०८ वेळा होते. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाच्या षड्जाला ती सुमारे १३९ वेळा होते.

एवढ्यावर मिळतो तो नुसता एक गुणगुणाट. त्याला रंग येतो तो घसा, तोंडाची पोकळी, जीभ, टाळू आणि ओठ यांच्यामुळे. मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुपटीची, तिपटीची, चौपटीची कंपनंही निघत असतात. त्यांतली कोणती उचलायची आणि कोणती दाबायची, हे ही पोकळी ठरवते. म्हणून एकाच पट्टीत, एकच स्वर लावणाऱ्या दोन बहिणींचेही आवाज आपल्याला वेगळे ओळखू येतात.

स्वीडनच्या योहान सुंडबर्ग या संशोधकानं १९७०च्या दशकात एक गोष्ट मोजून दाखवली. ऑपेरातल्या तयार पुरुष गायकांच्या आवाजात सेकंदाला ३,००० कंपनांच्या आसपास ताकदीचा एक ठळक उंचवटा असतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची ताकद ५००च्या आसपास सर्वांत जास्त असते आणि पुढे उतरत जाते. म्हणजे साठ-सत्तर वाद्यं वाजत असताना एकटा गायक ऐकू येतो तो जोरात ओरडतो म्हणून नव्हे. वाद्यं जिथे कमजोर असतात तिथे त्याचा आवाज मोकळा उभा राहतो म्हणून. माणसाचा कानही नेमका त्याच भागात सर्वांत तीक्ष्ण असतो.

आपल्याकडचे गायक याला वेगळ्या भाषेत ओळखतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढली की तार नुसती वाजत नाही, तिच्यातून वरचे स्वर झिरपायला लागतात. गायकाच्या आवाजालाही ‘जवारी आहे’ असं म्हणतात ते याच अर्थानं. तंबोरे सुरेल लागले असतील आणि गळ्यात जवारी असेल, तर षड्ज लावल्याबरोबर आवाज तंबोऱ्यात मिसळतो, पण बुडत नाही. माइक नसलेल्या बैठकीत शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यापर्यंत पोचण्याचं हेच साधन होतं.

भोंगा, माइक आणि मधलं अंतर

१९०२ हे साल या विषयात फार महत्त्वाचं आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये फ्रेड गाइसबर्ग नावाच्या ध्वनिमुद्रकानं मिलानच्या एका हॉटेलातल्या खोलीत एन्रिको कारुसोचा आवाज मुद्रित केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तोच गाइसबर्ग कलकत्त्यात गौहर जानसमोर भोंगा लावून बसला होता. त्याआधीचे बहुतेक आवाज आपल्याला फक्त वर्णनांतून माहीत आहेत. तानसेन थोर होता की नाही यावर वाद घालण्यात काही हशील नाही, कारण पुरावाच नाही.

पण १९०२ नंतरचा पुरावाही सरळ नाही. १९२५ पर्यंत विजेवर चालणारं मुद्रण आलेलं नव्हतं. गायक भोंग्यात तोंड घालून गायचा आणि त्या हवेच्या धक्क्यानं सुई मेणावर रेघ ओढायची. साधारण अडीच हजारांच्या वरची कंपनं हा भोंगा जेमतेमच पकडायचा. वर सांगितलेला ३,००० च्या आसपासचा उंचवटा, म्हणजे सभागृह भरून टाकणारी गोष्टच, या तबकड्यांत अर्धवट उतरली आहे. जुनी तबकडी ऐकून ‘हा आवाज तर पातळ आहे’ असं म्हणणारा माणूस बऱ्याचदा आवाजाऐवजी भोंग्याची परीक्षा करत असतो.

दुसरी अडचण वेगाची. तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जातात, पण सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग सगळीकडे एकच नसे. ७५ फेऱ्यांनी घेतलेली तबकडी ७८ नं वाजवली तर वेग चार टक्के वाढतो आणि पट्टी अर्धस्वराच्या दोन-तृतीयांशानं वर चढते. आवाज कोवळा वाटतो, ताना अधिक चपळ वाटतात. जुन्या गायकांची पट्टी नेमकी कोणती, यावर संग्राहकांचे वाद होतात ते यामुळेच.

तिसरी अडचण वेळेची. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. जो आवाज बैठकीत अर्ध्या तासानं तापायचा, त्याला पहिल्या सेकंदाला तापलेलं असावं लागे.

मग माइक आला आणि नियमच बदलले. आता कुजबुजही हजारोंना ऐकू जाऊ लागली. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी, आपल्याकडे कुंदनलाल सैगल, पुढे तलत महमूद हे माइकचे आवाज. तलत यांच्या स्वरातला तो बारीक कंप विनामाइकच्या रंगभूमीवर तिसऱ्या रांगेपलीकडे पोचला नसता. त्यामुळे तलत लहान ठरत नाहीत. फक्त, नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, आणि तलत महमूद यांना एकाच तराजूत घालता येत नाही.

८ जुलै १९२१

या तारखेला मुंबईत एका नाट्यगृहात असा सामना झाला की ज्यात मध्ये ना भोंगा होता, ना माइक. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून खाडिलकरांचं ‘मानापमान’ केलं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. संयुक्त मानापमान म्हणून हा प्रयोग मराठी माणसाच्या आठवणीत राहिला.

दोघांचे आवाज दोन टोकांचे. केशवराव चढ्या पट्टीचे. तार सप्तकात जाऊन ठाण मांडणारा, धारदार, तडफेचा गळा. बालगंधर्वांचा आवाज त्या मानानं मृदू, गोल, कुठेही न टोचणारा. भास्करबुवा बखल्यांच्या तालमीतून आलेली लयीची जाण अशी की पदातला शब्द ते मात्रेच्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे ठेवायचे आणि सम हलकेच गाठायचे. बालगंधर्व बाईच्या वेषात, बाईच्या भूमिकेत गात होते, पण आवाज बाईचा काढत नव्हते. स्वतःच्याच गळ्यातला कठीण भाग त्यांनी झिजवून टाकला होता.

त्या रात्री जिंकलं कोण? दोन्ही बाजूंचे लोक आपलाच माणूस जिंकला असं पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ला, विषमज्वरानं गेले. ते अवघे ३१ वर्षांचे होते. बालगंधर्व १९६७पर्यंत जगले, त्यांच्या तबकड्या घरोघर वाजल्या, त्यांचं गाणं पुढच्या पिढ्यांच्या कानात राहिलं. आज मराठी माणूस बालगंधर्वांचं नाव चटकन घेतो, याला त्यांची थोरवी कारण आहेच, पण केशवरावांना वेळ मिळाला नाही हेही कारण आहे. कोणताही निवाडा देताना ही गोष्ट मनात ठेवायला हवी: आवाजाची कीर्ती त्याच्या मालकाच्या आयुष्यमानावरही ठरते.

आकडे कामाला का येत नाहीत

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मोजणं. अमेरिकेच्या टिम स्टॉर्म्स या गायकानं २०१२ साली माणसानं काढलेल्या सर्वांत खालच्या स्वराचा विक्रम केला. तो स्वर सेकंदाला ०.१८९ कंपनांचा. माणसाच्या कानाला सुमारे २० कंपनांच्या खालचं काही ऐकूच येत नाही. म्हणजे विक्रम खरा, पण तो स्वर ऐकलेला माणूस पृथ्वीवर नाही. पल्ला मोठा असणं हा गळ्याचा गुण आहे. त्या पल्ल्यातल्या किती स्वरांवर गळा सुखानं राहू शकतो, हा खरा प्रश्न.

गाण्यांची संख्या हाही असाच फसवा मापदंड. १९७४च्या गिनेस बुकात लताबाईंच्या नावावर २५,००० गाणी लिहिली गेली. मोहम्मद रफींनी त्याला हरकत घेतली. १९९१ नंतर ती नोंदच काढून टाकण्यात आली. संशोधकांनी एकेक चित्रपट धरून हिंदी गाणी मोजली, तेव्हा आकडा त्याच्या जवळपासही गेला नाही. २०११ साली गिनेसनं आशा भोसल्यांच्या नावावर सुमारे ११,००० गाण्यांचा विक्रम नोंदवला. यातल्या कोणत्याही आकड्यानं लताबाईंचा किंवा आशाबाईंचा एक स्वर मोठा किंवा छोटा होत नाही.

बिघडलेले आवाज

आता थोडा वेळ मी उलट्या बाजूनं जातो, कारण या विषयातला सर्वांत समृद्ध भाग इथे आहे. आपल्या संगीतातले कितीतरी मोठे गायक मुळातल्या गोड आवाजामुळे नव्हे, तर आवाज हातचा गेल्यावर मोठे झाले.

गंगूबाई हनगल १९३०च्या दशकात तबकड्यांवर गायल्या तेव्हा त्यांचा आवाज बारीक, उंच, मुलीसारखा होता. पुढे टॉन्सिल्सच्या त्रासावर उपचार झाले आणि आवाज खाली उतरला, जाड झाला, ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांना पुरुषाचा वाटावा इतका. दुसऱ्या एखाद्या गायिकेनं तंबोरा गवसणीत घातला असता. गंगूबाईंनी त्याच ढाल्या आवाजात पुढची साठेक वर्षं गायलं. विलंबित ख्यालातल्या त्यांच्या संथ बढतीला जो भारदस्तपणा आहे, तो कोवळ्या आवाजाला पेलला नसता.

कुमार गंधर्वांना ऐन पंचविशीच्या आत क्षय झाला. १९४८च्या सुमारास ते देवासला आले आणि पुढची काही वर्षं त्यांना गायला मनाई होती. बरे झाले तेव्हा एक फुप्फुस जवळपास कामातून गेलं होतं. लांब दमसासाच्या ताना आता शक्य नव्हत्या. त्यांनी छोटे छोटे तुकडे, अचानक उठून विरून जाणारे स्वर आणि त्यांच्या मधली शांतता यांचं गाणं केलं. अंथरुणावर असताना कानावर पडलेल्या माळव्याच्या लोकधुना त्यात आल्या, पुढे निर्गुणी भजनं आली. श्वासाच्या मर्यादेनंच त्यांच्या गाण्याला आकार दिला.

आणि अल्लादिया खाँ. खाँसाहेब तरुणपणी एका संस्थानात दरबारी होते. तिथे दिवसचे दिवस गावं लागल्यानं त्यांचा आवाज बसला आणि पूर्ववत कधी झालाच नाही, असं त्यांच्या परंपरेत सांगतात. त्या मोडक्या गळ्याला झेपेल अशी वेगळी वाट त्यांनी काढली: लयीशी गुंफलेल्या, वळणं घेत जाणाऱ्या, न तुटणाऱ्या स्वरवाक्यांची. जयपूर-अत्रौली घराणं आज ज्या गायकीसाठी ओळखलं जातं ती ही. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयाला असताना आणि नंतर मुंबईत त्यांनी ती शिकवली. त्यांचं स्वतःचं एकही ध्वनिमुद्रण मिळत नाही.

इथे एक कोडं पडतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. ज्यांचा आवाज गेला होता त्या माणसानं घडवलेली गायकी गाण्यासाठी, आपल्या संगीतातला सर्वांत अभंग आवाज लागला. तो त्यांना एका शिष्येत सापडला.

माझी निवड

केसरबाई केरकर. जन्म १३ जुलै १८९२, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरी गावी. लहानपणी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे थोडे महिने, मग रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले, असे गुरू होत होत १९२१मध्ये त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गंडाबंध शिष्या झाल्या. तेव्हा त्यांचं वय जवळपास तीस. १९४६मध्ये खाँसाहेब वारले तोवर ही तालीम चालू होती. म्हणजे ऐन उमेदीत, नाव झालं असतं त्या वयात, त्यांनी पुन्हा पाटी कोरी केली.

माझे निकष चार आहेत. आवाज तिन्ही सप्तकांत एकाच वजनाचा राहतो का? स्वर लागतो तो अचूक ठिकाणी, चाचपडल्याशिवाय लागतो का? श्वास कुठे घेतला हे कळतं का? आणि ऐकणाऱ्याला पहिल्या दोन-तीन स्वरांत माणूस ओळखता येतो का? आवाजाच्या गोडव्याला मी निकष मानत नाही. गोडवा लवकर आवडतो आणि लवकर पुरा होतो.

केसरबाईंची ‘नट कामोद’ची किंवा ‘ललिता गौरी’ची तबकडी लावा. पहिली गोष्ट जाणवते ती आकाराची. तोंड मोकळं, स्वर उघडा, नाकात किंवा दातांत कुठेही न अडकलेला. बहुतेक गळे तार सप्तकाकडे जाताना बारीक होतात आणि मंद्राकडे येताना घोगरे किंवा पोकळ होतात. गायक शहाणा असेल तर तो ते लपवतो. केसरबाईंना लपवायला काहीच नाही. तान खालून निघते, वरच्या षड्जाला वळसा घालते आणि परत येते, पण आवाजाची जाडी सुरुवातीला होती तेवढीच राहते. दुसरी गोष्ट, ही तान जोरानं फेकलेली नसते. तिच्यातला प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे लागलेला असतो आणि तरी त्यांच्यामध्ये फट नसते. तिसरी, श्वास. तो कुठे घेतला हे शोधायला आपण तबकडी पुन्हा लावतो आणि पुन्हा चुकतो. ज्यांनी त्यांना बैठकीत ऐकलं त्यांनी त्यांच्या संथ लयीबद्दल लिहून ठेवलं आहे. तितक्या संथ लयीत समेपर्यंत न तुटता जाणं हे फक्त गळ्याचं काम नव्हे, त्याला सगळं शरीर लागतं.

हे सगळं तीन मिनिटांच्या तबकडीवर, जिथे आवाज तापायला वेळ नाही. हीच त्यांची मोठी कसोटी, आणि इथेच माझ्या लेखी त्या इतरांच्या पुढे जातात. अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर त्यांच्याहून अधिक काळजाला भिडतो हे मी मान्य करतो. तो बारीक, किंचित अनुनासिक, तंबोऱ्याच्या तारेतून निघाल्यासारखा स्वर ऐकून गदगमधला एक मुलगा घर सोडून गुरूच्या शोधात निघाला आणि पुढे भीमसेन जोशी झाला. पण तो आवाज एका जागी सर्वांत सुंदर होता. केसरबाईंचा सगळीकडे होता.

१९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरच्या ध्वनींची सोनेरी तबकडी ठेवायचं ठरलं तेव्हा रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकानं भारताकडून केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी सुचवली. तबकडीची प्रत मिळेना. शेवटी ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. जगभरच्या २७ रचनांत भारताची ही एकच, साडेतीन मिनिटांची. दुसरं यान ५ सप्टेंबरला निघालं आणि ११ दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ला, केसरबाई वारल्या. या गोष्टीचा उल्लेख हल्ली त्यांच्या प्रत्येक परिचयात येतो, आणि खूपदा तेवढाच येतो. मला ते खटकतं. यानावर गेल्यामुळे त्या मोठ्या नाहीत. त्यांचं शास्त्रोक्त गाणं ज्यांनी ऐकलेलं नाही, त्यांनी भैरवीवर थांबू नये.

आणखी एक. १९६३-६४च्या सुमारास त्यांनी जाहीर गाणं बंद केलं. आवाज पूर्वीसारखा राहिला नाही असं इतरांना वाटायच्या आधी. आपला आवाज काय आहे आणि काय राहिलेला नाही, याचं इतकं कठोर भान फार थोड्या गायकांत आढळतं.

मग लताबाई?

हा प्रश्न येणारच, आणि यायला हवा. १९४८च्या सुमारास शशधर मुखर्जी या निर्मात्यानं लताबाईंचा आवाज फार पातळ आहे म्हणून नाकारला होता. तेव्हाच्या हिंदी चित्रपटात भरदार, थोड्या जाड गळ्यांची चलती होती. संगीतकार गुलाम हैदर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९४९मध्ये ‘महल’ आला, ‘आयेगा आनेवाला’ गाजलं आणि पहिल्या तबकडीवर गायिकेच्या जागी चित्रपटातल्या पात्राचं, कामिनीचं, नाव छापलेलं होतं. त्या गाण्यात आवाज दुरून जवळ येतो असा भास हवा होता. आजच्यासारखी तांत्रिक सोय नव्हती. माइक खोलीच्या मध्यभागी ठेवून लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. माइक म्हणजे नुसतं आवाज मोठा करायचं यंत्र नव्हे, ते एक वाद्य आहे, आणि ते कसं वाजवायचं हे त्या विशीतच शिकल्या.

त्या काळात गाणं एकाच वेळी, सगळ्या वादकांसह मुद्रित होई. शेवटच्या ओळीत कुणी चुकलं की सगळं पुन्हा. अशा परिस्थितीत तीन मिनिटांत, दिलेल्या पात्राच्या भावनेत, दिलेल्या पट्टीत, कणभरही न ढळणारा सूर लावायचा, आणि हे दशकानुदशकं. माइकसमोरच्या आवाजांत त्यांच्या जवळपास कुणी नाही, अरेथा फ्रँकलिनही नाही, असं मी म्हणतो.

तरी पहिली निवड केसरबाई का? कारण लताबाईंच्या आवाजाला गाणं, वाद्यमेळ, चाल आणि माइक असं सगळं कुणीतरी आधी रचून दिलेलं असे. केसरबाईंना दोन तंबोरे आणि राग एवढंच होतं. बाकीचं त्यांना तिथल्या तिथे गळ्यातूनच उभं करावं लागे. ज्यांना हा फरक महत्त्वाचा वाटत नाही त्यांची निवड लताबाई असेल, आणि ती निवडही भक्कम आहे.

घरी पारखून पाहायचं असेल तर

फोनचा बारका स्पीकर वापरू नका. बऱ्या प्रतीचे हेडफोन घ्या, कारण खालचे स्वर आणि आवाजाचा घुमारा बारक्या स्पीकरवर ऐकूच येत नाहीत. एकाच रागाच्या दोन गायकांच्या तबकड्या लागोपाठ ऐका. वेगळे राग ऐकलेत तर तुम्ही आवाजाऐवजी राग तोलाल. पहिल्यांदा ऐकताना खरखर कानाला झोंबते, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा कान ती गाळायला शिकतो. तेव्हा परीक्षा सुरू करा. तान वर जाताना आवाज कुठे पातळ होतो तिथे बोट ठेवा. स्वर लागताना खालून घसरत येतो की थेट लागतो, हे पाहा. जुन्या तबकड्यांचे नवे, गुळगुळीत केलेले अवतार शक्यतो टाळा. खरखर काढताना त्यांतून बऱ्याचदा आवाजाची जवारीही निघून गेलेली असते.

क्रम असा ठेवता येईल: अब्दुल करीम खाँ, केसरबाई, बालगंधर्व, मग गंगूबाईंची जुनी तबकडी आणि त्यांचंच उतारवयातलं गाणं, कुमार गंधर्वांचं एखादं निर्गुणी भजन, शेवटी ‘महल’मधलं गाणं. त्यानंतर हवं तर कॅलास. एवढं ऐकून जो कुणी माझी निवड खोडून काढेल त्याच्याशी मी आनंदानं वाद घालीन. केशवरावांच्या बाजूनं बोलणारा कुणी भेटला, तर त्याला आधी बोलू देईन.